तिसरी फोड, चौथी फोड

सून : हसू नका हो! सगळ्यांसमोर म्हणाल्या प्रशिक्षणाच्या मॅडम, “बाई, प्रश्न तुमचा, उत्तरही तुमचंच. मग मुलं कशाला आलीत, हवा खायला?”

मुलगा : अगदी बरोबर ओळखलं तुला! घरीही हेच चालतं. “चहा घेणार का? नको, आत्ताच झालाय.”

सासू : तू गप रे. पोरीचं तोंड बघ, किती उतरलंय. इतकी वर्षं गणित शिकवतेय, आता हे कसलं प्रशिक्षण?

सून : आई, शिकवते खरी, पण शिक्षकाची पदवी कुठाय माझ्याकडे? रजेवरच्या बाईंच्या जागी घेतलं आणि तिथेच राहिले. आता नियम आलाय. हे पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी सगळ्यांसमोर एक पाठ. तो उद्या. नाही जमला तर माझा पाचवीचा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी देतील.

सासू : मग कर की सराव. आम्ही दोघं बसतो मुलं म्हणून.

मुलगा : मॅडम, मी पाणी प्यायला जाऊ?

सून : बसा खाली! तर मुलांनो, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? अर्थात एक तृ...

मुलगा : पकडली!

सून : अगंबाई! ही जीभ नुसती शिवशिवते हो. वर्ग गप्प झाला की मला धडधडतं. वाटतं, आपल्यालाच शिकवता येत नाही.

मुलगा : मी ड्रायव्हिंग शिकवतो, तेव्हा स्टिअरिंग देतोच ना शिकणाऱ्याच्या हातात?

सून : आणि ब्रेकवर पाय कुणाचा असतो?

सासू : भांडू नका. उत्तर मला येतंय. चतुर्थांश मोठा. तिनापेक्षा चार मोठे, एवढं मलाही कळतं.

मुलगा : अगं आई, उलटं...

सासू : उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! तुला विचारलंय का?

सून : आई, कसं ठरवलंत ते सांगा. हे उरलेलं कलिंगड समोर आहे, ही सुरी. हवं तर कापून बघा. मी काही बोलणार नाही.

(सासू कलिंगडावर सुरी टेकवून बराच वेळ विचार करते. मुलगा तोंड उघडतो. सून त्याच्या तोंडात ताटलीतली आधी कापलेली फोड कोंबते.)

सासू : थांब हं... आपण तिघं. तिघांत कापलं, तर ही एवढी फोड माझी. बरं. आता शेजारीण आली. तिला नाही कसं म्हणणार? म्हणजे चौघांत... अगं, माझी फोड बारीक झाली!

सून : मग?

सासू : मग काय मग! खाणारी तोंडं वाढली की वाटा घटणारच! चार दिसतो मोठा, पण फोड लहान. तृतीयांशच मोठा! अरे, कळलं मला! हे अपूर्णांक म्हणजे एवढंच होतं होय?

मुलगा : टाळ्या! उद्याचा पाठ पास!

सून : आई, किती छान सांगितलंत! आणि मी गप्प बसले! बघितलंत ना, गप्प बसले मी!

मुलगा : बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. पण आई, तू डोळे का पुसतेस?

सासू : काही नाही रे. शाळेत मास्तर प्रश्न विचारायचे, मी विचार करायला लागायची, तोवर कुणीतरी उत्तर देऊन मोकळं. मग मी हात वर करायचाच सोडला. मला आपलं वाटायचं, मी ढ आहे.

सून : आई...

सासू : ढ नव्हते गं. जरा वेळ लागायचा, एवढंच. बस इथे, विचार अजून एक प्रश्न. चांगला अवघड विचार.