तेलाची बाटली

नांदेडच्या दवाखान्यात, केसपेपरच्या रांगेत नाझनीनच्या पुढं बिलोलीचं एक जोडपं उभं होतं. नवरा कोकणातल्या काजूबागेतली मजुरी सोडून तापानं फणफणत आला होता. बायको कावली होती.

“तिथं माकडं मरून राहिलीत, गोचीड चावली की ताप मेंदूत जातो, हे सांगितलं व्हतं ना तुमाला?”

“हाव.”

“गोचीड लागू नये म्हनून अंगाला चोळायला तिथल्या डाक्टरनं तेलबी दिलं व्हतं?”

“बाटलीभर.”

“मग चोळलं का न्हाई? अक्कल गहाण ठिवली व्हती का?”

“मनिषाची माय, हळू बोल. डोकं लई ठणकून राहिलं.”

“ठणकू द्या! कुठं हाय ती बाटली?”

“तुझ्यापाशीच. तुझ्या गुडघ्यासाठी राखून आनली न्हाई का? चार दिस झाले, तूच चोळून राहिलीस.”

रांग पुढं सरकली. बाई हलली नाही. नाझनीननंही तिला ‘चला’ म्हटलं नाही.