रविवारी दहाला तीन ठोके

— नाही हो ताई, रेडिओला काही झालेलं नाही, चांगला धडधाकट आहे, उगाच कशाला उघडू? कालपासून नुसती खरखर ना? ते तुमचं लांबचं गाण्यांचं स्टेशन गायब, पण गावातलं लख्ख लागतंय? मग झालं तर! बिघाड रेडिओत नाही, वर आहे. वर म्हणजे — अहो, छताकडे काय बघताय, त्याच्याही वर. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, खुर्चीवर बसा. रविवारी दुकान उघडं कसं? ते असू दे.

तर काय झालं, गुरुवारी सूर्याला शिंक आली. हसू नका, तसंच आहे ते — भारलेल्या कणांचा हा एवढा लोट त्याने फेकला, दीड-दोन दिवसांत तो इथे येऊन थडकला, आणि पृथ्वीचं चुंबकत्व डळमळलं. भूचुंबकीय वादळ म्हणतात. झाडाचं पान हलत नाही आणि नाव काय, तर वादळ! आता आपल्या डोक्यावर दोन-तीनशे किलोमीटरवर हवेचा एक थर आहे, विजेने भारलेला, पुस्तकात आयनांबर म्हणतात त्याला. लांबचं स्टेशन त्यावर आपटून खाली येतं, छतावर आपटलेला चेंडू यावा तसं. वादळात हा थर विरतो, मग चेंडू वरच्या वर पसार! गावातलं स्टेशन सरळ येतं, त्याला छत लागत नाही. पटत नाही? ती बरणी बघा. आत दोऱ्याला लोहचुंबक टांगलाय, त्यावर आरशाचा तुकडा, आरशावर दिवा — भिंतीवर ठिपका दिसला? एरवी जागचा हलत नाही, आणि कालपासून बघा, कसा भटकतोय! त्या पेन्सिलीच्या खुणा बायकोच्या. नोंदवही तीच लिहिते, माझ्या अक्षरावर तिचा काडीचा विश्वास नाही.

हा खटका? मोर्सचा, ठोके देऊन रेडिओवरून निरोप धाडायचा. हात नका लावू — म्हणजे लावा, पण नको. दादाने शिकवलं मला, माझ्या थोरल्या भावाने. तो तिकडे, समुद्रापलीकडे. आमचा नियम होता — भांडण होवो, काही होवो, रविवारी सकाळी दहाला तीन ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे, आहे बाबा. समोरच्याने उलट तीन द्यायचे. संपलं. आणि एकदा तो इकडे आला होता तेव्हा काय झालं, चार लोक ऐकत असताना दादा म्हणाला, तुझा हात अजून कच्चा आहे. चाळीस वर्षं खटका दाबतोय मी, आणि कच्चा! सगळे खो-खो हसले. मला लागलं ते. तरी रविवारी ठोके दिले हं मी, नियम म्हणजे नियम. उत्तर नाही. म्हटलं, अच्छा, उलट तूच रुसलास? पुढच्या रविवारी त्याचे तीन आले — मी गप्प. बस म्हटलं वाट बघत.

किती दिवस? दिवस कसले, अकरा वर्षं.

बघू नका तसं. मला काय माहीत, उत्तर आलं नाही त्या रविवारी वादळ होतं म्हणून! म्हणजे — माहीत असायला हवं होतं. बरणी होती की इथेच. बायकोने वहीत लिहिलंही होतं, ठिपका वीतभर सरकला. मी रागात ते पान उघडलंच नाही, तीन वर्षांनी दिसलं. दुनियेला सांगत फिरतो, रेडिओ बिघडलेला नाही, वर वादळ आहे, आणि सख्ख्या भावाच्या वेळी... मग लाज वाटायला लागली. कुठल्या तोंडाने उत्तर देऊ? तो मात्र दर रविवारी देतो ठोके. ओळखू येतो हात, तिसऱ्याला जरा वेळ लावतो. ते ऐकायलाच रविवारी दुकान उघडतो मी. झालं समाधान?

गेल्या रविवारी दोनच आले.

तिसरा आलाच नाही. वादळ नव्हतं तेव्हा. मी वही तपासली, चारदा तपासली. एक्क्याऐंशीचा आहे हो तो. आणि आज हे असं, नुसती खरखर, दहा वाजून गेले. तुमचाही बंद आहे ना? कालपासूनच ना, नक्की? तुम्ही आत आलात, रेडिओ बंद म्हणालात, तेव्हा इतकं बरं वाटलं मला...

काय करताय? फोन कशाला पुढे सरकवताय? अहो, फोनवर बोलावं लागतं! नंबर पाठ आहे, तो प्रश्न नाही — हो, तारेतून जातो, छत लागत नाही, माझंच मला काय शिकवताय? बरं. बरं, लावतो. तुमच्या समाधानासाठी लावतो, काय?

वाजतोय. वाजतोय अजून. ठेवू का?

उचलला. कुणीतरी उचलला. कोण ते बोलत नाही, नुसता श्वास... नाही, मला नाही बोलता येणार — थांबा, नखाने रिसीव्हरवर...

टक. टक. टक.

तुम्ही निघा आता, ताई. रेडिओ घ्या तो, पैसे कसले, जा.

शू! एक... दोन...

थांबा हो, तिसऱ्याला वेळ लावतो तो.