घोडा अडकायचा तेव्हा

चहा निवू द्या जरा, तोवर आमच्या सुजाताच्या गेमचं सांगतो. सुजाता माझी नात, लातूरला क्लासला असते. सुट्टीत मुदखेडला आली की कॉम्प्युटरवर घोडा पळवायची अन् मी शेजारी बसायचो. तो गेम मूळचा टीव्हीला जोडायच्या मशीनवरचा. कॉम्प्युटरसाठी कुणीतरी घाईत कसाबसा बनवलेला. घोडा नदीपाशी आला की अडकलाच.

"आबा, लई भंगार बनवलंय हे!"

"दमला असंल गं घोडा. थांब की."

तो हलेस्तोवर ती माझ्याशी बोलायची. मेसच्या पातळ वरणाचं, खोलीतल्या मैत्रिणीचं. एकदा तर परीक्षेत नापास झाल्याचं सांगितलं, जे बापालाही ठाव नव्हतं.

या सुट्टीत तिनं नेटवरून गेमची दुरुस्ती टाकली. घोडा नदी ओलांडून जो सुटला, तो थांबलाच न्हाई. चार दिवसांत ती मला "आबा, सरका जरा" एवढंच बोलली.

ती गेल्यावर मी कॉम्प्युटर ऑटोत घालून दुकानात नेला.

"काय बिघडलंय, बाबा?"

"काहीच न्हाई. म्हणून तर आणलाय. तो घोडा पहिल्यासारखा अडकंल असं कर."

दुकानदार हसला. "लोक दुरुस्तीला आणतेत, अन् तुम्ही बिघडवायला?"

"तो अडकला की नात बोलायची रे माझ्याशी."

त्याचं हसू थांबलं. मशीन जवळ ओढून घेत म्हणाला, "किती वेळ अडकवू?"

म्हणलं, "तिचं सांगून होईस्तोवर."