रेशमी कोंबडीच्या चोरीची तक्रार मागे घेण्याबाबत

जबाब देणार: आळीत गादीवाले काका म्हणून ओळख. वय पंच्याहत्तर. शिक्षण चौथी. धंदा पूर्वी गाद्या भरण्याचा, आता हात थरथरतात म्हणून बंद. राहणार पिठाच्या गिरणीमागची बैठी घरं, शेवटचं दार.

मी ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी असे दोघेच राहतो. मुलगा नोकरीमुळे दुसऱ्या गावी असतो. काल मी इथे तक्रार दिली होती की शेजारच्या वायरमनने माझी कोंबडी चोरून कापली. त्याच्या मोरीपाशी पांढरी पिसं दिसली आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. ती तक्रार मला मागे घ्यायची आहे.

कोंबडी रेशमी जातीची होती. या जातीला पिसं असतात पण ती केसांसारखी दिसतात. हात फिरवला तर पिंजलेला कापूस. डोक्यावर गोंडा, पायात मोजे घातल्यासारखी पिसं, बोटं चाराऐवजी पाच. उडता येत नाही. काल हवालदार साहेब म्हणाले, "काका, ही कोंबडी आहे की पावडर लावायचा गोंडा?" त्याचा मला राग नाही, सगळेच विचारतात. ही कोंबडी भिजली की पाणी अंगात मुरतं आणि ती गारठते, म्हणून पंच्याने पुसून कोरडी करावी लागते. ते काम पत्नीचं. बोटांच्या मधूनसुद्धा पुसते. तिला अलीकडे मुलाचं नाव आठवत नाही, पण पुसायचं राहत नाही.

हे मागचं वाक्य काढावं अशी मी विनंती केली. खोडाखोड चालत नाही असं सांगण्यात आलं. तर पुढे असं लिहावं की नाव कधीकधी आठवत नाही.

पत्नी कोंबडीला मनी म्हणते. लहानपणी तिच्याकडे त्या नावाची पांढरी मांजर होती. कोंबडी मांडीवर असली की ती शांत बसते. बसायची.

परवा संध्याकाळच्या प्रकाराबद्दल वायरमनने आज सकाळी इथे माझ्यासमोर सांगितलं ते असं: "काका, तुमच्या पाया पडतो, मी चोर नाही. काकूंनी दार उघडलं, कोंबडी पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, 'जा गं मने, फिरून ये, उशीर करू नको.' आणि दार लावून घेतलं. ती फिरत फिरत माझ्या अंगणात आली. मला वाटलं, कंटाळून सोडून दिली असेल. घरी पाहुणे आलेले, म्हणून मोरीतल्या अंधारात घाईने कापली आणि शिजायला टाकली. अहो, झाकण काढलं तर आत कोळसा! मांस काळं, हाडं काळी! बायको किंचाळली, विष घातलंय कुणीतरी. सगळं गटारात ओतलं आणि पोरीने रस्सा चाटला होता म्हणून तिला घेऊन दवाखान्यात पळालो."

यावर माझं म्हणणं की, या जातीची कातडी, मांस, हाडं जन्मतः काळीच असतात. विष नाही. त्याच्या मुलीला काही झालं नाही हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे ती कुणाच्या पोटातही गेली नाही.

काल मी सांगितलं की त्या वेळी मी औषधाच्या दुकानात होतो. ते चुकून सांगितलं. मी घरीच होतो. पत्नी झोपली होती. दार मी उघडलं आणि कोंबडी मी बाहेर सोडली. वायरमन खोटं बोलत नाही, पण त्या वेळी अंधुक असतं. मला थंडी वाजत होती म्हणून मी पत्नीची शाल पांघरली होती. हवालदार साहेबांनी विचारलं, "मग बोललं कोण?" मी बोललो. वयामुळे माझा आवाज बारीक झाला आहे.

मुलगा आज आला. वायरमनकडून सगळं ऐकल्यावर मला म्हणाला, "बाबा, गॅस चालू राहिला होता तेव्हा आपलं काय ठरलं होतं? आणखी एकदा काही झालं की आईला संस्थेत ठेवायचं." मुलगा वाईट नाही. त्याला भीती वाटते की आज कोंबडी गेली, उद्या आई स्वतःच दाराबाहेर चालायला लागेल. ती संस्था मी पाहून आलो आहे. स्वच्छ आहे. एका खोलीत चार बायका. नवऱ्यांची सोय नाही.

हवालदार साहेब म्हणाले, "काका, मग घरी येऊन काकूंनाच एकदा विचारू का?" त्याची गरज नाही. ती झोपली होती, तिला काय माहीत असणार. आज सकाळी ती दाराशी खुर्ची घेऊन बसली होती आणि "अहो, मनी अजून आली नाही हो," असं म्हणाली. मी म्हटलं, येईल. यावरून तिनेच सोडली असा अर्थ कुणी काढू नये.

वायरमनविरुद्ध माझी काही तक्रार नाही. कोंबडी माझ्या हातून गेली. माझी विनंती एवढीच की हा जबाब मला जरा मोठ्याने वाचून दाखवावा. मुलगा बाहेर बाकावर बसला आहे.

तसा तो मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. खाली सही करतो.