बहिऱ्याचा हेडफोन

हळू बोल व निलोफर, हळू — मले ऐकू येते. हौ ना, येते. आता अशी डोळे फाडून पाहू नको माह्याकडं. बोरी अरबचे बहिरे विठ्ठलराव ते मीच, अन् ऐकू येते तेही मलेच. तो जीपवाला प्रेमसिंग पाह्यला ना आत्ता, मले उतरवताना? दारव्हा आलं एवढंच सांगाचं होतं त्याले, तं माह्या कानाशी तोंड आनून असा बोंबलला का मांघच्या सीटवरच्या थैलीतली कोंबडी फडफड करून बाहेर आली. अन् मी काय केलं? मी म्हनलं, ‘आँ?’ मंग अजून एकदा बोंबलला बिचारा. दोन वर्सं झाले, असंच चालू हाये. पन तुह्या बापानं, जफरनं, माहा रेडिओ याच जागेवर बसून दुरुस्त केलता, तवा हे तुहं दुकान नव्हतं, पत्र्याचं खोकं होतं — त्याच्या पोरीशी कायले खोटं बोलू? अन् बोलून तरी जमन का? बहिऱ्या मानसाले हेडफोन कायले पाह्यजे, हे तू इचारशीनच ना. नाही नाही, नातीसाठी नाही. जावयासाठीबी नाही, तो काही एवढा लाडाचा नाही. मलेच पाह्यजे. ह्या दोन कानाले. अन् मेटल ऐकाले पाह्यजे. मेटल. गानं असते ते. मालूम हाये तुले? मंग हासते कायले?

हे ठेव बाजूले, हे कानात खुपसाचे नको. हे पाह्यलं का आमची बुढी म्हनन यायनं कानाची मशीन लावली, आता यायले ऐकू येते — झालं, खेळ खतम. अन् वायरवालाबी नको, वायर लोंबली का नातवंडं ओढतेत. मले तो मोठा पाह्यजे, अख्खा कान झाकनारा, बिनवायरचा. वरतून दुपट्टा बांधीन. उन्हाळ्यात म्हातारा मानूस डोक्याले दुपट्टा बांधून फिरते तं कोन इचारते? कोनीच नाही. फक्त आवाज बाहेर नाही आला पाह्यजे — एक टिपूसभरबी नाही. बहिऱ्याच्या डोक्यातून ढोल वाजाले लागले तं लोक मांत्रिक आनतीन.

लवकर दाखव पन. बुढी बाजारातच हाये. इंदू व, इंदू, माह्या घरची — तिकडं बांगड्या भरून राह्यली. मले त्या लिंबाखालच्या बाकड्यावर बसवलं अन् हातानं असं केलं, ‘इथंच बसा.’ मी मान डोलावली, गरीब बैलावानी. ती वळली का मी सटकलो. बांगड्यावाल्यापाशी तिचा एक घंटा पक्का हाये, आधी हिरव्या पाहाते, मंग लाल पाहाते, अन् घेते हिरव्याच.

काहून म्हंजे? आता ते सांगाले बसलो तं लांबन. बरं, सांगतो, तू तवर तो लाल काढ वरतून. दोन वर्साखाली मले सर्दी झालती, भल्लीच. आठ दिवस कान खरंच बंद. अख्खं गाव माह्यापाशी येऊन बोंबले. नवव्या दिवशी सकाळी पट्टकन् आवाज झाला अन् कान मोकळे. म्हनलं आता सांगाव — तं समोर इंदू तुरीची डाळ निवडत बसली होती, अन् माह्याकडं पाहून, आपल्याच तंद्रीत म्हनते कशी, ‘मानूस चांगला हाये व, तोंड उघडलं का बिघडते.’ आता सांग! पंचेचाळीस वर्साच्या संसारात तिनं मले चांगला म्हनलेलं मी पह्यल्यांदा ऐकलं. म्हनलं, आजचा दिवस नाही सांगत. मजा पाहू. त्या एक दिवसाचे दोन वर्सं झाले. रोज दुपारी डाळ नाही तं मेथी घेऊन बसते समोर, अन् बोलते. सारं बोलते. भिंतीले सांगितल्यावानी मले सांगते. मी आपला टकमक पाहातो.

आन तो लाल. लाव मोबाईलले, मले ते निळं बटन समजत नाही. आरत्या नावाचं हाये ना त्यात, ते उघड. आरत्या! दाब तं खरं. मेटलच हाये आत, नातीनं ते नाव देलं, म्हंजे कोनी उघडनार नाही. सलोनी, माही नात, नागपूरले नर्सिंग शिकते. तिचीच तं करनी हाये सारी. दिवाळीले आली वीस दिवस. आजी वावरात गेली का मधल्या खोलीत हे लावे, जोरात — आबाले कुठं ऐकू येते? पह्यल्या दिवशी मले वाटलं कोनी हडंब्यात, त्या मळणीच्या मशीनीत, सोयाबीनसंगं पत्र्याचा डब्बा टाकला. मंग एक मानूस ओरडला — म्हनलं, गेला, ह्याचा हात गेला हडंब्यात! मी बसलो तसाच बहिऱ्यावानी, भिंतीकडं पाहात. दुसऱ्या दिवशी समजलं का तो ओरडत नाही, गाते. चौथ्या दिवशी — आता कोनाले सांगू नको — चौथ्या दिवशी मी वाट पाहून राह्यलो होतो का बुढी कवा वावरात जाते.

अन् कोनी पकडलं मले? पायाच्या आंगठ्यानं! तोंडावर सारं बरोबर होतं, डोळे मेल्या मासोळीवानी ठेवले, पन हा डाव्या पायाचा आंगठा बेटा ढोलासंगं हालाले लागला. सलोनीनं पाह्यलं. गानं थांबवलं — आंगठा थांबला. चालू केलं — आंगठा चालू. तीन वेळा केलं तिनं तसं. मंग जे हासाले लागली पोरगी, खाटेवरून खाली पडली. पन सोन्यासारखी हाये, कोनाले नाही सांगितलं. जाताना गाने भरून देल्ले. आता पाच महिने झाले ते गाने मोबाईलमधी पडून हायेत अन् मी वरतून हात फिरवतो. वाजवू कसा? बहिरा मी!

हां, दे, हा लाल लावतो... नाही. नाही व, हे नाही जमलं. धमधमच जास्त, गिटार कुठं गेली? दाबून टाकली सारी. हे त्या वरातीतल्या डीजेवाल्याले दे. मेटलमधी कसं हाये, चार मानसं असतेत, चारही जन भांडतेत, पन चारही जन अलग अलग ऐकू आले पाह्यजे. भाऊबंदकीचं भांडन नाही का? त्यात मजा तवाच येते जवा कोन काय म्हनते ते समजते. अन् तो ढोलवाला दोन पायानं दोन ढोल हानते — गर्रर्र — एकेक ठोका मोजता आला पाह्यजे. ह्याच्यात तं सारं पिठलं झालं. काढ. मी काही येडा नाही, दहा वर्सं तुह्या बापापाशी बसून रेडिओचे आवाज परखले हायेत.

आवडते काहून, म्हनते? घे, हाबी प्रश्न. हे पाह्य, बहिऱ्याले ऐकू येते सारं, पन बोलता येत नाही ना. समोर बसून लोक काहीही म्हनतेत. माहा साळा गोविंदा माह्याच ओट्यावर बसून, माहाच चहा पिऊन म्हनते, ‘आमचा भाटवा येडपट हाये पह्यल्यापासून.’ अन् मले असं झक्कास उत्तर सुचते व — असं सुचते का तो चहा त्याच्या नाकातून निंघाला असता — पन गिळा लागते. माह्यासारख्या टवाळ मानसाले दोन वर्सं गप बसनं म्हंजे काय हाये, तुले काय सांगू. उत्तरांचं पोतं भरलं नुसतं. तो मानूस तिथं ओरडते ना, तवा वाटते माहेच उत्तरं निंघून राह्यले एकेक.

हा काळा? दे. अरे वा, गादी मऊ हाये. बटन दाब... ओ हो हो. ओ हो हो हो! बाहेरचं सारं बंद झालं व! तुहे ओठ हालून राह्यले, आवाजच नाही! आता झालो मी खरा बहिरा! गानं लाव... हां! हां! आली गिटार! डाव्या कानात एक, उजव्यात दुसरी! अन् हा ढोल — मोजून घे एकेक! हाच पाह्यजे मले! काय? हात असा खाली खाली कायले करते? बसू? बसतो. बसलो ना! आता अजून काय? कानावर हात कायले ठेवते तू? हेडफोन तं मी लावला!

बरं झालं तुलेच सांगितलं, निलोफर! मन हलकं झालं! एक सांगू? तुह्या बापाले सांग, तो रेडिओ जो तीस वर्साखाली फुटला, तो मांजरीनं नव्हता पाडला! इंदूनं पाडला! तिनंच सांगितलं, मेथी निवडता निवडता! मी त्या मांजरीले बाभुळगावपर्यंत सोडून आलतो ना! अन् डॉक्टरनं गोड बंद केलं तरी ती कोठीमांघं गुळाचा खडा लपवून ठेवते! मी रोज त्यातला थोडा खातो, तिले वाटते उंदीर! माह्याशी लग्न ठरलं तवा तिले मी आवडलो नव्हतो म्हने! कान मोठे होते म्हने! पन मंग आवडलो! कवा आवडलो तेबी सांगितलं तिनं — पुराच्या वर्सी, नाल्यावर, मी तिले खांद्यावर घेतलं अन् तिची चप्पल वाहून गेली तं चपलीमांघं धावलो! त्या दिवशी म्हने! एवढे वर्सं पोटात ठेवलं तिनं हे, अन् सांगितलं कोनाले? बहिऱ्याले! आता मले ऐकू येते असं तिले समजलं ना, तं उद्यापासून पुन्हा ‘जेवाले वाढू का’ अन् ‘पानी तापलं’, बस! म्हनून हेडफोन पाह्यजे अन् आवाज बाहेर नाही आला पाह्यजे! समजलं? एक टिपूसबी बाहेर नाही!

काय? मांघं काय दाखवते बोटानं? मांघं भिंत हा— थांब, काढतो.

काढला. कायले एवढं शांत झालं व? ह्या भजेवाल्यानं कढई कायले बंद केली? अन् हा प्रेमसिंग जीप सोडून इथं काय करून राह्यला? ए निलोफर... माहा आवाज मोठा होता का? किती मोठा? लिंबापर्यंत? लिंबाच्याबी पुढं?

बांगड्यावाल्यापर्यंत?

...आँ? कोन? अरे, इंदू! आँ? काय म्हनते? ओठ नुसते हालवू नको, मोठ्यानं बोल, मले कुठं ऐकू— लाल? निलोफरच्या कानाशी कुजबुजून लाल हेडफोन बांधून दे म्हनते? लाल नाही व इंदू, लाल गिटार दाबते, काळाच चांग—

...आँ?