आजार गुडघ्यात, डाग खुब्यावर

माहं नाव हेमराज. गाव सालेकशाच्या इकडं, जंगलाच्या कडेले, रेल्वेची शिट्टी ऐकू येते पन गाडी दिसत नाही असं गाव. आमी पोवार, आमचे म्हातारे माळव्यातून आले म्हनतात, कवा आले ते मले ठाऊक नाही, आले अन् धान लावाले बसले, तवापासून धानच लावून राहिलो. पन मले शेतकरी म्हनून कोनी ओळखत नाही जी. डागवाला हेमराज म्हनतात. म्हनजे कोनाचा बैल लंगडला का माह्या दाराशी आनाचा, अन् मी इळा लाल तापवून त्याले डाग द्याचा. माहे बाबूजी हेच करत होते, त्यायचे बाबूजी बी हेच. याच्यात पैसा घ्याचा नाही, एक नारळ घ्याचा, तो बी तिथंच फोडून सगळ्यायले वाटाचा. तीस वर्सं मी कोनाचा एक पैसा घेतला नाही, हे मी छाती फुगवून सांगत होतो. आता नाही सांगत. काय सांगू तुमाले, पैसा घेतला असता तं वापस करता आला असता. मी मान घेतला, तो कसा वापस करू?

पहिले बाबूजीचं सांगतो, नाही तं तुमी म्हनाल बापाले कायले शिव्या देऊन राहिला. बाबूजीले हाडं कळत होती, खरंच कळत होती. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकाची जागा होती, तिथची वाळेल हाडं ते उचलून आनाचे, आई घरात घेऊ देत नव्हती म्हनून कोठ्याच्या छपरावर ठेवाचे, अन् मले शिकवाचे. शिकवाचे ते कसे, तं आंगनात मले ओनवा कराचे, दोन हात दोन पाय जमिनीवर, अन् म्हनाचे, आता तू बैल. शेजारच्या पोरी कुंपनावरून पाहून हासाच्या. बैलाचा पुढचा गुडघा म्हनतेत ना लोक, तो गुडघा नाहीच बे, ते तुहं मनगट आहे, कोपर वर आहे त्याचं, छातीजवळ, असं म्हनून छडी टेकवाचे. कवटीत बी जोड आहेत पन ते हालत नाहीत, शिवून टाकल्यावानी राह्यतेत. मनक्याचे जोड थोडे थोडे हालतेत, मंधात गादी राह्यते. कोपराचा जोड दाराच्या बिजागरीवानी, आगं-मागं होते, बाजूले फिरत नाही. खुबा मातर उखळीवानी, त्याच्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसते अन् चारी बाजूनं फिरते. अन् बैलाचा खांदा तं छातीच्या हाडाले जुडेलच नाही, नुसत्या मांसानं बांधेल आहे, कारन त्याले मानसावानी गळ्याखालचं आडवं हाडच नाही. हे सगळं बाबूजीनं सांगितलं अन् सगळं बरोबर निंगालं. म्हनून जे चुकलं ते बी बरोबरच असंल असं मी समजलो.

चुकलं ते मागच्या पायात. आता पाहा, बैलाले एक आजार होते. सकाळी उठला का मागचा एक पाय लाकडावानी ताठ, मोडतच नाही, खूर जमिनीवर घासत चालते, अन् दोन-चार पावलं चालला का एकदम झटका बसते अन् पाय सुटते. थंडीत जास्त. मांगून पाहिलं तं पुरा पाय खुब्यापासून फेकल्यावानी दिसते. म्हनून बाबूजी म्हनाचे, खुबा धरला. अन् डाग खुब्यावर. दोन आडवे दोन उभे. मंग मालकाले पथ्य, एकवीस दिवस कामाले लावाचा नाही, पान्यात घालाचा नाही. काही बैल बरे बी होत होते जी, नाही असं नाही. आता कळते का ते आरामानं बरे होत होते, जवान बैल, चारा खाऊन मांस भरलं का आपोआप बरे. डागानं फक्त चामडं जळत होतं.

हे मले कळलं एका डाक्टरीन बाईमुळं. ढोरायच्या दवाखान्यात नवीन आलेल्या, घाटाकडच्या, बोलनं एकदम पुस्तकातलं. आमच्या गावात त्यायनं ढोरायचा क्याम्प घेतला. एक बैल असाच झटके मारनारा आला तं मले म्हनाल्या, दादा, तुम्ही जाणते दिसता, जरा धरा. मी धरला. त्यायनं माहा हात घेतला अन् बैलाच्या पोटाजवळ, मांडीच्या पुढं ठेवला, इथं दाबा. म्या दाबलं तं एक वाटी लागली, मानसाच्या गुडघ्याले राह्यते तशी. म्या म्हटलं, बाई, ही वाटी इथं काऊन? गुडघा तं खाली आहे. त्या हासल्या. म्हनाल्या, दादा, तुम्ही खाली गुडघा म्हणता ती टाच आहे, बैल टाच उचलून बोटांवर चालतो, गुडघा हा इथं, मांसात. या वाटीला खाली तीन दोऱ्या आहेत, आतली दोरी हाडाच्या उंचवट्यावर अडकते, मग पाय ताठ. ती एकच तोडायची. बैल पाडला, पाय बांधले, सुई देल्ली, एवढीशी चीर, आत बारीक चाकू, झालं. चहा गार व्हायच्या आत बैल उठून सरळ चालत गेला.

मी घरी आलो अन् जेवलो नाही. बाबूजीनं मले ओनवा करून मनगट दाखवलं, कोपर दाखवलं, अन् मागं टाच होती तं तिले गुडघाच म्हनत राहिले, खरा गुडघा आमच्या हाताले कधी लागलाच नाही. आजार गुडघ्यात, डाग खुब्यावर, दोन पिढ्या, तीन पिढ्या. बायको म्हने, मंग सांगून टाका ना लोकायले. म्या म्हटलं, सांगतो, सांगतो.

अन् त्याच हिवाळ्यात फुलवंता आली.

फुलवंता आमच्या बाजूच्या गावची, नवरा मरून चार वर्सं झाली, धानाच्या दोन बांध्या आहेत तिच्या बोडीच्या, म्हनजे गावतळ्याच्या मांगं, तिथं ट्रॅक्टर उतरत नाही, म्हनून बैलजोडी ठेवून होती, स्वतः नांगर धरनारी बाई. तिचा कबरा बैल पाय ताठ करून घासत आनला. मले म्हने, दादा, तुमच्या बाबूजीनं माह्या सासऱ्याचा बैल बरा केल्ता, आता तुमीच पाहा. मी पाहिलं. पाहाची गरज बी नव्हती, दुरूनच कळलं होतं. मले म्हनाचं होतं, फुलवंता, याले डाक्टरीन बाईकडं ने. एवढं एकच म्हनाचं होतं. पन आंगनात दहा-बारा लोक उभे, कोनीतरी माह्याकडचा इळा काढून इंगळात ठेवून बी देल्ला, नारळ तिच्या हातात. अन् म्या इळा उचलला.

मी वाटीवर हात ठेवून पाहिला जी, लपून, कोनाले दिसू न देता. वाटी वर चढून बसेल होती. मंग बी डाग खुब्यावर देल्ला, कारन लोकायले खुब्यावर पाहाची सवय होती. दोन आडवे, दोन उभे. कबरा ओरडला तं फुलवंता त्याच्या कानात बोलत होती, झालं रे बापा, झालं.

डाग सडला. अळ्या पडल्या. ती कडुनिंबाच्या पान्यानं धूत राहिली. महिन्यानं परत आली, एकटीच, बैलाले चालवत नव्हतं. म्हने, दादा, फरक नाही. अन् मंग स्वतःच म्हने, एक दिवस दावं तोडून बोडीत उतरला होता, त्याच्यानं तं नाही? तुमाले सांगतो, मले तवा कसं मोकळं वाटलं. लाज नाही वाटली, मोकळं वाटलं. म्या म्हटलं, मंग? पथ्य मोडलं तं डाग काय करनार? तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हने, माह्याच हातून चुकलं.

पुढच्या धानाच्या रोवनीत तिनं दोन्ही बांध्या बटईनं, अर्ध्या वाट्यानं देल्ल्या, अन् दुसऱ्याच्या रोवन्याले जाऊ लागली. माह्या बांधीत बी आली. मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेले उभा अन् ती चिखलात वाकून माहं धान लावून राहिली होती. बायको माह्याकडं पाहे. दुपारी बाया भाकर खात बसल्या तं फुलवंता त्यायले सांगत होती, बैलाचं पथ्य पाळा बायांनो, माह्यावानी करू नका. मी उठून दुसऱ्या बांधीत गेलो, तिथं काही काम नव्हतं.

दिवाळीनंतर मीच जाऊन डाक्टरीन बाईले तिच्या घरी आनलं. बाईनं कबरा पाडला, आतली दोरी तोडली, कबरा उठला अन् चालला. फुलवंता त्याच्या मांगं मांगं पुऱ्या आंगनात फिरली, पदर तोंडाले लावून. मंग बाईची नजर खुब्यावर गेली, तिथं केस उगवलेच नाहीत, चार काळ्या रेघा. बाई रागानं म्हनाल्या, हा डाग कुणी दिला? किती छळ हा मुक्या जनावराचा! मी बाजूलेच उभा होतो, हातात दोर घेऊन. मी दोर गुंडाळाले लागलो. फुलवंता म्हने, माह्या नवऱ्यानं देल्ला होता बाई, तो गेला आता.

मेलेल्या मानसाच्या नावावर माहं पाप टाकलं तिनं. बाई गेल्यावर मले म्हने, तुमच्यावर रागावल्या असत्या ना दादा, तुमची काय चूक होती, बैल तं माह्यामुळं बोडीत गेला.

तवापासून मी इळा हातात घेतला नाही. कोनी लंगडा बैल घेऊन आलं तं दवाखान्यात घेऊन जातो, मीच धरतो. लोक म्हनतेत, हेमराज मोठ्या मनाचा, बापाचं काम सोडून डाक्टरीन बाईले मदत करून राहिला. म्हनजे पाहा, तिथं बी मानच भेटला. फुलवंता तं नव्या धानाचे पोहे पहिले माह्या घरी आनून देते. तिले दारात पाहिली का मी कोठ्यात जाऊन उभा राह्यतो, बायको घेते पोहे. मी खात नाही. चार-पाच वेळा तिच्या घरापर्यंत गेलो बी, पानी पिऊन वापस आलो. कबरा तिथं बांधेल राह्यते, खुबा माह्याकडं करून.

तुमी आले, लिहून घेतो म्हनाले, म्हनून सांगितलं. गावाच्या बैठकीत बसून हे माह्या तोंडून निंगालं नसतं. पन तुमी हे दुसऱ्यायले वाचून दाखवाच्या पहिले तिले वाचून दाखवा. तिले वाचता येत नाही. मी बाजूले बसतो, उठून जात नाही, उठलो तं तुमी हात धरा. बोडीचं जे म्हटलं म्या, पथ्याचं, ते नीट वाचा, घाईत वाचू नका. ती शिव्या देईल तं ऐकून घेतो. पन ती नुसतं म्हनली ना, जाऊ द्या दादा, तं मंग मी काय करू, ते मले सांगा.

चला, उठा. आता घरीच असंल ती, कबऱ्याले पानी दाखवाची वेळ आहे.