चिकट म्हंजे डिंक नाई

"हॅलो? … हौ, जय भीम, सरिता. बोल. … वसंताच्या हाताले काय लावलं? … डिंक?"

मधली सुट्टी चालू होती. भाजीत बुडवलेला घास तसाच हातात राहिला. आम्रपालीबाई बालाघाटच्या शाळेत बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतात. पण उकवा गावच्या या धाकट्या भावजयीपुढे बाईंचं जीवशास्त्र पार हात टेकतं.

"धावड्याचा डिंक… कढवून… आन दोन्ही बोटाईले? करंगळीले बी, बाजूच्या बोटाले बी? … कोनं सांगतलं तुले हे? … मी? मी कधी सांगतलं? … हौ, 'चिकट' म्हनलं. म्हनलं ना मी! पन…"

झाली का पंचाईत! काही महिन्यांपूर्वी पत्र्यानं वसंताचं मनगट कापलं, आतली नस तुटली, डॉक्टरांनी ती शिवली. तेव्हापासून ही दोन बोटं मुकी. वसंता शिंपी माणूस. बोटात सुई शिरली तरी रक्त दिसल्यावरच त्याला कळायचं. धाकट्या भावाला धीर द्यावा म्हणून गेल्या रविवारी बाईंनी नसेची सगळी गोष्ट समजावली, तर तिचं हे असं झालं.

"अवं ऐक ना… ऐकून राह्यली का? नसेचा धागा मनगटापासून बोटाकडे वाढून राह्यला, त्याले रस्ता कोन दाखवते? … अवं, आपोआप नाई! आतल्या पेशींच्या अंगावर चिकट रेणू असतात. … रेणू, रेणू. डोळ्याले नाई दिसत. … धाग्याचं टोक त्याईले चाचपते, धरायले भेटलं का पुढं सरकते. कारल्याचा वेल मांडव धरत धरत जाते ना, तसं. … नाई! कारलं नको लावू त्याच्या हाताले!"

घास डब्यात टाकून बाईंनी कपाळाला हात लावला. आता या बाईला सांगावं तरी काय?

"तो चिकटपना आत असते, सरिता. नसेच्या जुन्या नळीत. वरून चामड्यावर डिंक थापला तर आत जाईन का? … हौ, हळूच वाढते. महिनेच्या महिने लागतात. … मालूम आहे मले, तो चिडून राह्यला. मी बी चिडून राह्यली! … काय? शिलाई मशीन विकून राह्यला? कोनाले? … भोजराज टेलरले? आजच? … मंग तू गप्प काहून बसली? … म्हनून डिंक लावला… आज तरी बोट जागं होईन म्हनून…"

 पोरीचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून तिनं हे केलं. तरी राग काही उतरेना.

"बरं, रडू नको. आधी तो डिंक काढ. कोमट पान्यात भिजव, हळूहळू… भिजव म्हनलं, उपटू नको! … हॅलो? आवाज तुटून राह्यला… काय, उपटला? अवं, कातडी निघन ना! … कोन वरडून राह्यलं? … वसंता?"

बाई खुर्चीतून उठल्याच.

"दुखलं? त्याले दुखलं? … सरिता, नीट सांग. कोनत्या बोटाचा उपटला? … करंगळीचा. आन दुखते कुठं म्हनते? … बाजूच्या बोटात? … परत हात लावून पाह्य. करंगळीले लाव. … बाजूच्याच बोटात लागते म्हनते? … नाई व, येडा नाई झाला तो! बाजूच्या बोटाचा धागा रस्ता चुकून करंगळीत शिरला असन. होते असं. … पन पोचला ना, सरिता! चुकला, पन पोचला!"

स्टाफरूममधले सगळे पाहत होते. पाहोत! बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि एका हातात फोन, दुसरा भाजीनं माखलेला.

"दे त्याले फोन. … वसंता? … अरे, कोनाले शिव्या देऊन राह्यला? मले? मोठ्या बहिनीले? … दे बाबू, दे. आनखी दे. पन मशीन नको देऊ भोजराजले, नस जागी होऊन राह्यली तुई! … हॅलो? … हॅलो?"

लाइन कटली होती.